भिंतीवरची बुरशी



पावसाळा मुरला, की कोकणात आणि मुंबईत कपाटामागच्या भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उमटतात, ठेवणीतल्या कपड्यांना कुबट वास येतो. बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने असतात. रुजायला त्यांना ओल हवी असते.

दमेकरी, ॲलर्जी असलेली माणसं आणि लहान मुलं यांना बुरशीचा त्रास जास्त. खोकला, शिंका, छातीत घरघर. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे श्वसनाच्या आजाराने गेला, असा निष्कर्ष तिथल्या चौकशीत निघाला. वडिलांनी तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग द्या! असला सल्ला आपल्याकडेही सर्रास मिळतो, आणि तो घातक आहे.

मग हवेची महागडी तपासणी करावी का? बहुतेक घरांना गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेतही बुरशीची सुरक्षित मर्यादा दिलेली नाही. मग अहवालातला आकडा ताडणार कशाशी? त्यापेक्षा ओल कुठून येते ते शोधा. भिंतीचा भाग पुसून कोरडा करा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या आत पाणी दिसलं, तर भिंतच झिरपते आहे, गळती काढा. बाहेरून दव धरलं, तर खोलीतली हवा दमट आहे. खिडक्या उघडा, पंखा लावा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आवर्जून सांगा.