आकुर्डीची रांग आणि चाकणचा बाजार



आकुर्डी-निगडी परिसरातील अनेक घरांचा दिवस एके काळी बजाज ऑटोच्या कारखान्याच्या वेळापत्रकावर चालत असे. घरातील कर्ता पुरुष दिवसभर स्कूटर बनवीत असे आणि त्याच्या शेजाऱ्याला मात्र स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. अनामत रक्कम भरायची, नोंदणीची पावती कपाटात दागिन्यांशेजारी जपून ठेवायची आणि वाट पाहायची. चेतकची ही प्रतीक्षा एके काळी सुमारे दहा वर्षांपर्यंत लांबली होती. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे; रुपयांत कमावणाऱ्या कारकुनाने, शिक्षकाने रांगेतच राहायचे! स्वतंत्र देशातील नागरिकाच्या स्वतःच्या चलनाची याहून मोठी अवहेलना शोधूनही सापडणार नाही.

या रांगेचे कारण काय होते? भांडवलाची उणीव नव्हती. कुशल हात पिंपरी-चिंचवडमध्ये होते. गिऱ्हाईक तर आगाऊ पैसे घेऊन उभे होते. उणीव होती ती फक्त परवानगीची. १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमानुसार नवा कारखाना काढायला, आहे तो मोठ्या प्रमाणावर वाढवायला, नवी वस्तू बनवायलाही परवाना लागे. परवान्यात उत्पादनाचा आकडा लिहिलेला असे आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे ओलांडणे हा अपराध मानला जाई. अधिक काम केल्याबद्दल शिक्षा, असा हा न्याय. पुढे १९६९चा मक्तेदारी नियंत्रण कायदा आला आणि मोठ्या उद्योगगृहांच्या विस्तारावर दिल्लीची आणखी एक मोहोर आवश्यक ठरली.

हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. आर्थिक सत्ता मूठभरांच्या हाती एकवटू नये, मागास भागांना उद्योग मिळावेत, दुर्मीळ परकीय चलन चैनीवर उधळले जाऊ नये, हे विचार प्रामाणिक होते. पण घडले उलटेच. १९६७ साली आर. के. हजारी यांनी परवाना पद्धतीवर शासनाला अहवाल दिला. मोठी उद्योगगृहे परवाने मिळवून ते न वापरता अडवून ठेवतात आणि प्रतिस्पर्ध्याची वाट बंद करतात, हे त्यातून उघड झाले. मक्तेदारी रोखण्यासाठी निर्माण केलेला परवाना हाच मक्तेदारीचा किल्ला झाला. त्या किल्ल्याची तटबंदी सरकारी खर्चाने बांधली गेली होती.

याची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. राहुल बजाज यांनी १९६८ साली कंपनीची सूत्रे हाती घेतली. आकुर्डीच्या आवारातच घर करून राहिलेल्या या उद्योजकाने परवान्याच्या बंधनाविरुद्ध उघडपणे आवाज उठवला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ज्या बंधनाने त्यांचे उत्पादन अडवले, त्याच बंधनाने त्यांचे रक्षणही केले. ज्याच्या दारात दहा वर्षांची रांग आहे त्याला नवे वाण शोधण्याची निकड कशी वाटावी? पियाजिओशी असलेला करार १९७१ साली संपला, १९७२ साली चेतक आली आणि मूळ इटालियन घडणीची ही गाडी किरकोळ बदलांसह तीन दशके विकली गेली. साताऱ्यात राज्य शासनाच्या महामंडळाच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली. तिच्या ‘प्रिया’चे तंत्रज्ञानही बजाजचेच! नाव नवे, गाडी तीच.

ऐंशीच्या दशकात दारे थोडी किलकिली झाली, जपानी सहकार्याने नव्या मोटारसायकली आल्या. २४ जुलै १९९१च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरील परवान्याचे जोखड काढले. आता आकुर्डीला आनंद व्हायला हवा होता. पण १९९३ साली काही प्रमुख भारतीय उद्योगपतींनी परकीय कंपन्यांशी लढण्यापूर्वी समान संधी मागितली. ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या गटात राहुल बजाज अग्रभागी होते. महाग कर्ज, चढे कर आणि अपुऱ्या वीज-रस्त्यांच्या ओझ्याखाली आमचा उद्योजक धावणार कसा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र ते ओझे उतरवण्यात होते. पाहुण्याच्या पायात बेडी घालून आपला धावपटू वेगवान होत नाही.

पुढची घटना तेच सांगते. २००१च्या सुमारास हीरो होंडाने दुचाकी उत्पादनातील बजाजचे पहिले स्थान घेतले. त्याच वर्षी चाकणच्या नव्या कारखान्यातून पल्सर बाहेर पडली. स्वतःच्या अभियंत्यांनी घडवलेली ही मोटारसायकल पुढे परदेशांतही विकली गेली. रांगेच्या काळात जे सुचले नाही, ते रांग मोडल्यावर सुचले. तेच टेल्कोचे. दारे बंद असताना देशाला वर्षानुवर्षे अँबेसेडर आणि पद्मिनीवर समाधान मानावे लागले. भारतीय घडणीची इंडिका पिंपरीतून १९९८ साली आली, तीही परकीय कंपन्या अंगणात उतरल्यावर. आणि परकीय म्हणजे अजिंक्य, हेही खरे नाही. जनरल मोटर्सने २००८ साली तळेगावात कारखाना काढला आणि २०२०च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबवले. गिऱ्हाईक कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

या बदलाची किंमत कामगाराने मोजली, हे लपवण्याचे कारण नाही. हजारो जण स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. २००७ साली आकुर्डीचे वाहन-उत्पादन थांबले आणि त्याच वर्षी उत्तराखंडात करसवलतीच्या छायेत पंतनगरचा कारखाना सुरू झाला. पिंपरी-चिंचवड महापालिका त्या काळी जकातीवर श्रीमंत झाली होती. हद्दीत येणाऱ्या मालावर जकात, हद्दीबाहेरच्या चाकणला ती नाही. कारखाना कोठे असावा हे तंत्राने आणि मनुष्यबळाने ठरायला हवे. येथे त्यात नाक्याचाही वाटा होता. ती जकात २०१३ साली गेली.

मग शासनाला कामच नाही काय? आहे, आणि ते मोठे आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, हा ठपका होता. या पट्ट्यात गाड्या बनवणाऱ्या टाटा, महिंद्र, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन यांची नावे त्यात होती. प्रकरण अपिलात गेले. पण मुद्दा पाहा. भोसरीच्या गल्लीतला गॅरेजवाला त्या गाडीला हात लावू शकतो की नाही, हा खुल्या बाजाराचाच प्रश्न आहे. उद्योगपतीचे हित आणि बाजाराचे हित एकच आहे असे मानणारे येथे फसतात. उद्योगपतीला स्पर्धा दुसऱ्याच्या धंद्यात आवडते!

शासनाने चाकणचा तळेगाव चौकही पाहावा. देशोदेशीच्या कंपन्यांचा माल जेथून जातो, तेथे वाहने तासन् तास खोळंबतात. १९६९चा माथाडी कायदा हमालाच्या संरक्षणासाठी झाला; त्याचे नाव पुढे करून कारखानदाराकडून खंडणी उकळण्याच्या तक्रारी याच पट्ट्यातून येतात. स्कूटर किती बनवाव्यात हे मोजायला ज्या यंत्रणेला चार दशके वेळ होता, तिला रस्ता आणि कायदा-सुव्यवस्था या स्वतःच्या कामांसाठी वेळ काढावाच लागेल.

जून २०२२ मध्ये आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. राहुल बजाज त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते. या चेतकसाठी दहा वर्षांची नोंदणी नाही; तिला टीव्हीएस, ओला आणि एथर यांच्याशी दररोज झुंजावे लागते. २०२५ साली चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा तिचे उत्पादन अडखळले. या वेळी परवाना दिल्लीचा नव्हता, बीजिंगचा होता. असे चुंबक आपल्याकडे बनावेत यासाठी प्रयत्न सुरू झाले आहेत. त्याचा परवाना एकालाच द्यायचा की चार-पाच उद्योजकांना मैदान मोकळे ठेवायचे, हे ठरवताना आकुर्डीची रांग आठवावी.