पहाटेपर्यंत बर्फ किती?



गुलालाने रंगलेल्या वाडी रत्नागिरीच्या या डोंगरावर वितळण्या-गोठण्याच्या गणितावर बोलायला मी आनंदाने होकार दिला. डोंगराच्या एका अंगाला वारणेचे दुधाचे खोरे, दुसऱ्या अंगाला शिरोलीच्या फाउंड्र्या. तिकडे पाणी गोठते, इकडे लोखंड.

आधी दुधाचे बघू. आईस बँकेत रात्री कॉइलवर बर्फ धरायचा आणि सकाळी संकलनाचे दूध आले की त्या थंडाव्यावर ते ४ अंशांपर्यंत उतरवायचे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल अप्रकट उष्मा शोषतो. तेवढ्यात साधारण पावणेतीन किलो दूध ३५ अंशांवरून ४ वर येते. दिवसाची थंडी रात्रीच साठवून ठेवता येते ती अशी.

पण पहाटेपर्यंत बर्फ किती धरेल? बर्फ आणि पाणी यांची सीमा कुठे आहे हेच इथे अज्ञात असते, आणि ती सरकत राहते. १८३१ मध्ये लामे आणि क्लापेरॉन यांनी हा प्रश्न हाताळला. पुढे व्हिएन्नात योसेफ श्टेफान यांनी ध्रुवीय समुद्रातल्या बर्फाच्या नोंदींवरून दाखवले, की जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या सेंटिमीटरला एक तास लागला, तर दोन सेंटिमीटरला चार आणि तीनला नऊ तास. धरलेला बर्फच पुढच्या बर्फाची वाट अडवतो. गोल नळीवर आकडे थोडे हलतात, कल तोच राहतो. ओतकामात उष्म्याची वाट साच्यातली वाळू अडवते, पण १९४० च्या ख्वोरिनोव्ह यांच्या नियमातही वर्गच आहे: गोठण्याचा वेळ घनफळ भागिले पृष्ठफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात. ओतीव भागाला धातू पुरवणारा रायझर जाड ठेवतात तो यासाठीच. तो शेवटी गोठला पाहिजे.

वितळणे मात्र गोठण्याचे उलटे वाचन नव्हे. पाणी वाहते. टाकीतले पाणी ४ अंशांच्या आत आले, की बर्फालगतचे गारठलेले पाणी खाली बसण्याऐवजी वर चढते, कारण पाणी सर्वांत जड ४ अंशांना असते. नुसते वहन धरणारे मॉडेल इथे फसते.

म्हणून १९८७ मध्ये व्होलर आणि प्रकाश यांनी मांडलेली पद्धत आपण सगळे वापरतो. सीमेचा पाठलाग सोडायचा, प्रत्येक चौकटीत उष्म्याचा हिशेब ठेवायचा आणि अर्धवट गोठलेला पट्टा सच्छिद्र मानायचा. सुंदर कल्पना आहे. पण त्या पट्ट्याचा एक स्थिरांक आपल्या हातात राहतो. कोणी दहाचा चौथा घात घेतो, कोणी आठवा, आणि वितळण्याचा वेळ बदलतो. आलेख जुळेपर्यंत स्थिरांक फिरवायचा आणि मॉडेल पडताळले असे लिहायचे, हे मीही केले आहे. ते चूक होते. एका प्रयोगावर बसवलेला स्थिरांक दुसऱ्या, न पाहिलेल्या प्रयोगावर टिकला, तरच ती पडताळणी.

असे दुसरे प्रयोग आपल्या भोवती रोज रात्री चालू असतात. शीतकरण केंद्रावरचा ऑपरेटर कॉइलकडे पाहून सकाळचे दूध निभेल की नाही ते सांगतो. त्याचे ज्ञान आपल्या एकाही तक्त्यात नाही.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या वेळी येताना अशा एका टाकीची एका रात्रीची वही घेऊन या: तासातासाला बर्फाची जाडी, तीन खोलींवरचे तापमान, कॉम्प्रेसर चालू-बंदच्या वेळा. ऑपरेटरचा अंदाजही नावानिशी लिहा. जे आकडे तुमच्या मॉडेलशी जुळणार नाहीत, ते आधी वाचून दाखवा.