वजनाचा काटा आणि शिंप्याची टेप

एखादा मुलगा दोन महिने आजोळी राहून, दूधतूप खाऊन गुबगुबीत होऊन परतला की आपल्याकडे म्हणतात, "तब्येत सुधारली हो!" आणि दादर-गिरगावाकडे एखादी बाई चार किलोंनी उतरली की तिच्या मैत्रिणीही नेमके हेच म्हणतात. एकाची तब्येत वजन वाढून सुधारते, दुसरीची वजन घटून. मग खरे काय समजायचे?

खरे असे आहे की, नुसत्या वजनावरून दोघांच्याही तब्येतीबद्दल फारसे काही सांगता येत नाही. यात काट्याचा दोष नाही. आपण काट्यावर उभे राहिलो की हाडे, रक्त, पाणी, स्नायू, चरबी आणि सकाळी खाल्लेली भाकरीसुद्धा, या सर्वांची तो एकच बेरीज करून देतो. वाण्याने महिन्याच्या हिशेबात फक्त एकूण रक्कम लिहावी आणि तांदूळ किती, तेल किती, साखर किती, हे सांगूच नये, तसा हा प्रकार होतो. असा हिशेब आपण वाण्याकडून चालवून घेऊ काय? मग शरीराच्या बाबतीत का चालवून घ्यावा?

समजा, लालबागच्या चाळीत पंचेचाळिशीचा एक कारकून राहतो. डॉक्टरांनी दटावले म्हणून तो पहाटे भायखळ्याच्या राणीच्या बागेपर्यंत चालत जाऊ लागला आणि संध्याकाळी व्यायामशाळेत जोर-बैठका काढू लागला. दोन महिने झाले. काटा म्हणतो, ७६ किलोंचे ७५ झाले. एवढा घाम गाळून एकच किलो! त्याचे मन खट्टू होते आणि तिसऱ्या महिन्यात व्यायाम सुटतो. याच माणसाने कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाऊन माप दिले असते, तर शिंपी म्हणाला असता, "साहेब, विजारीची कंबर दोन इंच आत घ्यावी लागेल." काट्याला जे दिसले नाही, ते शिंप्याच्या टेपेला दिसले असते. अशी कितीतरी माणसे व्यायामाचा उपयोग होत असतानाच तो सोडून देतात. आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

वजन तेवढेच राहून कंबर कमी होते कशी, हे पाहायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. मटणाचा रस्सा झाला की तेलाचा आणि चरबीचा तवंग वर तरंगतो, मांसाचा तुकडा मात्र तळाशी बसतो. चरबी हलकी, म्हणून ती जास्त जागा व्यापते. एक लिटर चरबीचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरते, तर एक लिटर स्नायूचे सुमारे १,०६० ग्रॅम. म्हणजे दोन किलो चरबी गेली आणि दीड किलो स्नायू आला, तर काट्याला फरक दिसेल अवघा अर्ध्या किलोचा. पण पोट आत गेलेले असेल आणि मांडी, दंड भरलेले असतील.

मुंबईच्या व्यायामशाळांना टेप नवी नाही. युजेन सँडो हे नाव आपण रोज घेतो, पण ते माणसाचे नाव आहे हे आपल्या ध्यानात नसते. बाजारात आपण 'सँडो बनियन' मागतो, ते याच्याच नावाने. या पहिलवानाने १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानचा दौरा केला होता. १८९७ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकात शिष्यांच्या छातीची, दंडाची आणि कंबरेची मापे दिलेली आहेत. शिष्य किती किलोंचा झाला, यापेक्षा कोठे भरला आणि कोठे आटला, हे तो पाहत असे. आपल्याकडेही शिवाजी पार्कवर १९२५ साली स्थापन झालेले श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तेथे मल्लखांबावर चढणारी मुले पाहा. अंगाने हलकी, पण पकड अशी की सुटता सुटत नाही. त्यांचा कस काट्यावर कसा लागणार?

आता याहून गंभीर गोष्ट सांगतो. काट्यावर वजन बरोबर आहे, म्हणून निश्चिंत राहणाराही फसू शकतो. उंचीच्या मानाने वजन किती, हे पाहण्याचे एक गणित आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. बेल्जमचा गणिती केटले याने ते १८३२ च्या सुमारास मांडले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक (हे के. ई. एम. पुण्याचे बरे का, आपल्या परळचे नव्हे) आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचेच गणित मांडले. दोघांचा आकडा एकच आला, २२.३. पुस्तकाप्रमाणे दोघेही सडपातळ आणि ठीक. मग शरीरातली चरबी यंत्राने मोजली, तर युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के निघाली! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध झाले. हातपाय बारीक आणि पोटात मात्र चरबी, अशी ठेवण आपल्या लोकांत पुष्कळ आढळते, आणि मधुमेह व हृदयविकार यांचा धोका या पोटातल्या चरबीने वाढतो. म्हणून भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी धरली जाते. गावाकडचा काटकुळा दिसणारा माणूससुद्धा हिच्या पलीकडे असू शकतो.

टेप हे केवळ पहिलवानांचे खूळ आहे, असे मात्र कोणी समजू नये. तुमच्या गावच्या अंगणवाडीत सेविका लहान मुलाच्या दंडाला लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची पट्टी लावते. त्या मापाला दंडघेर म्हणतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजून ताबडतोब उपचाराला पाठवायचे असते. एका वीतभर पट्टीने मुलाचा जीव वाचू शकतो. आणि पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तर विचारायलाच नको. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त, हे त्यांना पाढ्यासारखे पाठ असते.

मग माप घ्यावे कसे? पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, शौचास जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी घ्यावे. कंबरेचे माप विजार बांधतो तेथे घ्यायचे नाही. बरगडीची शेवटची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरावी. ती पुढेमागे सारख्या उंचीवर असावी, अंगाला टेकलेली असावी, पण रुतू नये. श्वास सहज सोडावा आणि मग आकडा वाचावा. पोट आत ओढून माप घेणारे पुष्कळ असतात. त्यांनी फसवले कोणाला, हे त्यांनीच ठरवावे! छाती, दंड, मांडी आणि पोटरी हीही मापे घ्यावीत, दरवेळी त्याच जागी आणि त्याच बाजूची. प्रत्येक माप दोनदा घेऊन वहीत तारखेसह लिहावे. कापडी टेप जुनी झाली की ताणली जाते, तेव्हा ती अधूनमधून लाकडी पट्टीशी ताडून पाहावी.

घरात टेप नसली तरी अडत नाही. आपल्या उंचीएवढा सुताचा दोरा घ्या आणि तो बरोबर मध्ये दुमडा. दुमडलेला दोरा कंबरेभोवती आला, तर ठीक. टोके एकमेकांना भिडली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि लक्ष घालण्याची वेळ आली आहे. मात्र गरोदर बाईला हे माप लागू नाही.

याचा अर्थ काटा अडगळीत टाकावा, असा नव्हे. कुस्तीत तर त्याच्यावाचून पान हलत नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. तेथे काट्याला मान द्यावाच लागतो. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगट अंतिम कुस्तीच्या सकाळी ५० किलोंवर अवघे १०० ग्रॅम भरली आणि अपात्र ठरली. आदल्या दिवशी तीच मुलगी त्याच काट्यावर बसली होती. अन्नपाण्याने वजन एका दिवसात किती हलते, हे यावरून ध्यानात यावे. रोज सकाळी काट्यावर चढून हसणाऱ्या-रडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. काट्याचे आणखी एक मोठे काम आहे. काही कारण नसताना वजन झरझर उतरू लागले, तर ते क्षयाचे किंवा मधुमेहाचे लक्षण असू शकते. त्या वेळी "बारीक झालास, छान!" असे म्हणू नका, दवाखान्यात न्या.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेत मुलांची उंची आणि वजन आपण नोंदवता. ती नोंद वर्षाकाठी एकदा करून कपाटात ठेवू नका, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडा. वाढत्या मुलाचे वजन वाढायचेच, तेव्हा मोठ्यांची मर्यादा त्याला लावू नका. त्याची तुलना त्याच्याच मागच्या नोंदीशी करा. दम न लागता किती धावतो, जोर किती काढतो, हेही त्याच ओळीत लिहा. आणि कोणाचेही वजन वर्गात मोठ्याने वाचू नका. एकदा 'ढब्ब्या' किंवा 'काडी' असे नाव पडले की ते मूल मैदानावर यायलाच लाजते, आणि ज्याला व्यायामाची गरज सर्वांत जास्त, तोच घरी बसतो.

मोठ्यांनीही हेच करावे. दोन महिने व्यायाम करून काटा हलला नाही, तर लगेच निराश होऊ नका. टेप लावा, वही उघडा, आणि पूर्वी दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागे तो जिना आता एका दमात चढता येतो का, तेही पाहा. आज रात्री वहीचे एक पान आखा, उद्या सकाळी पहिले माप घ्या, आणि पुढचे माप पंधरा दिवस झाल्याशिवाय घेऊ नका.