फौजी घरी आल्यावर

कुलगुरू, प्राध्यापक, पालक आणि आज मानसशास्त्राची व परिचर्येची पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

लढाईत जायबंदी झालेल्या जवानाला पुन्हा उभं करण्याचं काम पुण्याला नवं नाही. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ची. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, तेही आपल्या राज्यातलेच. ही गोष्ट आपल्याला आवडते आणि आवडावीच. पण जो तपासणीला आपल्या पायांनी चालत येतो, त्याचं काय?

तो मनाचं काही सांगत नाही. ॲसिडिटी आणि बीपीची तक्रार घेऊन येतो. दार दिसेल अशीच खुर्ची धरतो. बोलते ती बायको: "दिवाळीत हे बाहेर येतच नाहीत. मागच्या खोलीत रेडिओ मोठा करून बसतात." गावाचं निदान तयार असतं: फौजी माणूस, तापट असायचाच! आजाराला स्वभाव म्हटलं की उपचाराचा प्रश्नच मिटतो, आणि त्याची शुश्रूषा त्या बाईच्या गळ्यात पडते, बिनपगारी.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. जिवंत परतलेल्यांच्या झोपेचं काय झालं, हे कोणी लिहून ठेवायचं? व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी रेटा लावल्यावर कुठे १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणावविकार, हे निदान मान्य केलं. या आजारात घडून गेलेलं मनाच्या लेखी घडून गेलेलं नसतं. डिझेलचा वास आला, भांडं पडलं, की अंग पुन्हा तिथेच जाऊन पोचतं.

हे फक्त वर्दीवाल्यांचं नाही. सोव्हिएत सत्तेनं सायबेरियात हाकललेली पोलिश कुटुंबं १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ वळिवड्यात राहिली, सुमारे पाच हजार माणसं. त्यांच्यासाठी शाळा निघाल्या, चर्च झालं, नाटकंही झाली. युद्धाच्या उपासमारीतून सुटलेली मुलं मात्र पोटभर जेवूनही उशाखाली पाव लपवतात. त्यांना चोर म्हणून ओरडणारे शहाणे प्रत्येक छावणीत भेटतात.

आता सोयी आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये इथेच पुण्यात, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसीत) सुरू झाला. पण फोन फिरवायला आधी कोणीतरी सुचवावं लागतं.

तुमच्यातले काहीजण खटाव, माण, शिराळ्याकडे रुजू होतील. केसपेपरवर एक प्रश्न वाढवा: फौजेत होता का, कुठे होता? शौर्यकथा लगेच उकरू नका. झोपेपासून सुरुवात करा. आणि बायको सोबत आली असेल, तर त्याला विचारून तिलाही आत बसवून घ्या.