घरची सुटी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी आम्हांस या व्यासपीठावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, विवाहखर्च किंवा ज्ञातीची आर्थिक उन्नती यांपैकी एखादा भारदस्त विषय आम्ही निवडू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही निवडलेला विषय त्या मानाने फार लहान आहे. सुटीत गावाला जाता येत नाही, घरीच राहावे लागते, अशा कुटुंबाला खरा विसावा कसा मिळेल, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत. परंतु आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांना तो दरवर्षी पडतो, आणि संकोचामुळे त्याचा उच्चार कोणी करीत नाही. म्हणून तो येथे करणे आम्हांस उचित वाटते.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नाही. वैशाखात मुलांच्या परीक्षा आटोपल्या की ट्रंका बांधायच्या आणि आजोळी जायचे, हे ठरलेलेच असे. तेथे अंगण होते, विहीर होती, आंब्याची आढी होती, आणि दहाबारा माणसे आली तरी कपाळाला आठी न घालणारी आजी होती. आज कित्येकांच्या गावच्या घरांना कुलूप आहे, काहींची वाटणी झाली आहे, तर काहींच्या घरी उतरायचे कोणाकडे, हाच प्रश्न आहे. थंड हवेच्या ठिकाणी चार दिवस राहण्याचा खर्च मध्यम प्राप्तीच्या कुटुंबाला जड जातो. शिवाय कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडीलमाणूस असते, कोणाचे मूल वरच्या परीक्षेला बसलेले असते. शेजारी गेले म्हणून आपणही कर्ज काढून प्रवासास निघणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. ती परत येतात तेव्हा शीण गेलेला नसतो, हप्ते मात्र मागे लागलेले असतात.

सुटी ही वस्तू आपल्याला फुकट मिळालेली नाही, याचेही येथे स्मरण करणे अवश्य आहे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबत, आणि आठवड्याची ठरलेली सुटी त्यांना नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुटीची मागणी नेटाने चालविली. तिला यश येऊन 10 जून 1890 पासून रविवारची सुटी सुरू झाली. आपण ज्या रविवारी सकाळी निवांत चहा घेतो, त्याच्यामागे ही झुंज आहे.

आपल्या भाषेत ‘रजा’ आणि ‘सुटी’ असे दोन शब्द आहेत. रजा म्हणजे परवानगी. ती वरिष्ठ देतात. सुटी म्हणजे सुटणे. ते ज्याचे त्याला करावे लागते. पहिली हाती आली म्हणजे दुसरी आपोआप मिळते, अशी आमची समजूत होती. ती कशी खोटी ठरली, हे आमच्याच घरच्या अनुभवाने सांगतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींना पक्षाघात झाला आणि आमचे गावी जाणे थांबले. दोन वर्षांपूर्वी आम्ही मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढून घरीच विश्रांती घेण्याचे ठरविले. पहिल्या दिवशी उशिरा उठलो, ही एवढी विश्रांती. दुसऱ्या दिवशी माळा साफ करावयास काढला. तिसऱ्या दिवशी नळदुरुस्ती करणाऱ्याची वाट पाहण्यात सकाळ गेली. चौथ्या दिवशी बँकेत गेलो. कचेरीतून भ्रमणध्वनीवर ‘एकच मिनिट’ म्हणून आलेले निरोप तासतासभर पुरले. आम्ही घरी आहोत हे कळताच आप्तेष्टांची ये-जा सुरू झाली. शिवाय रजेवरचा मनुष्य खाण्याचा शौकीन होतो. आज थालीपीठ करा, उद्या अळूवड्या करा, अशा आमच्या फर्माइशी चालूच होत्या.

आठव्या दिवशी रात्री आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, “रजा कशी गेली ते कळलेच नाही. उद्यापासून पुन्हा ते जोखड!” त्यांनी ओट्यावरून फडके फिरवीत शांतपणे उत्तर दिले, “हो ना. उद्या तुम्ही कचेरीत गेलात की मला जरा विसावा मिळेल.”

भगिनींनो, त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आठ दिवस विश्रांतीच्या गोष्टी बोलत असताना आम्ही एका माणसाचे काम दुप्पट करून ठेवले होते. आणि ते माणूस गेली चार वर्षे एक रात्रही घराबाहेर राहिलेले नव्हते.

ही केवळ आमच्या घरची कथा नव्हे. केंद्र सरकारने 2024 साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवितात, आणि घरकामात जे पुरुष हात घालतात ते 88 मिनिटे, असे तीत आढळून आले. घरकामाला मुळीच हात न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो आणि सणाच्या दिवशी त्याला जोखडाला लावीत नाही. त्याच दिवशी चुलीपुढे पुरण शिजविणारीचे खांदे दुखत असतील, हे मात्र आपल्या मनात येत नाही.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा रजा काढली, पण या वेळी आठ दिवस आधी सर्वजण मिळून विचारास बसलो. पहिला ठराव असा, की दुरुस्त्या, बँक, माळा ही कामे एका कागदावर लिहावयाची आणि कागद कपाटात ठेवावयाचा. रजा संपेपर्यंत तो उघडावयाचा नाही. दुसरा ठराव भ्रमणध्वनीचा. 2020 च्या मार्चमधील टाळेबंदीपासून पुष्कळांची कचेरी घरातच येऊन बसली आहे. तिला बाहेर काढल्यावाचून घर हे घर होत नाही. म्हणून कचेरीच्या निरोपांना रजेत उत्तर मिळणार नाही, हे वरिष्ठांना आधीच लेखी कळविले.

तिसरा ठराव स्वयंपाकाचा. पोळ्या बाहेरून आणावयाच्या, रात्री खिचडी किंवा मेतकूट-भात, आणि ओटा आवरण्याचे काम आम्ही व चिरंजीवांनी करावयाचे. पहिल्या दिवशी आमची खिचडी करपली. सौभाग्यवती दोनदा उठून आत आल्या, दोन्ही वेळा त्यांना परत पाठविले. तिसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. खिडकीशी पुस्तक वाचीत बसल्या होत्या.

चौथा ठराव सर्वांत अवघड होता. मातोश्रींपाशी कोण बसणार? आमच्या थोरल्या भगिनी दोन दिवस राहावयास आल्या, आणि त्यांच्या सासूबाईंपाशी दिवाळीत आम्ही बसावे, असा करार झाला. त्या दोन दिवसांत आम्ही बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरीची लेणी पाहिली. मुंबईत आयुष्य काढूनही ती आम्ही पाहिलेली नव्हती! शंभराहून अधिक लेणी, लेण्यांपाशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि बसावयास दगडी ओटे. पावसाळ्यात एका जागी राहण्याचा भिक्षूंचा नियम तेथे आठवला. एका ठिकाणी राहणे हेही एक व्रतच होते. दुसऱ्या दिवशी भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहिले. ते 1872 साली लोकांस खुले झाले. त्याच्यावरून आम्ही बसने शेकडो वेळा गेलो होतो.

मग कन्येने विचारले, “आजीची सुटी केव्हा?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मातोश्रींना सुटी हवी होती ती अंथरुणापासून. आम्ही चाकांची खुर्ची भाड्याने आणली, आणि एका संध्याकाळी त्यांना दादरच्या समुद्रकाठी नेले. पाच वर्षांनी त्यांनी समुद्र पाहिला. त्या फारसे बोलल्या नाहीत. परत निघताना मात्र म्हणाल्या, “अजून थोडा वेळ थांबू या.” आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो.

सबीन झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी 2007 साली विश्रांतीच्या अनुभवाची चार अंगे सांगितली: मनाने कामापासून दूर होणे, शरीर-मन सैल सोडणे, काही नवे शिकणे आणि आपला वेळ आपल्या इच्छेने घालविता येणे. यांपैकी एकालाही आगगाडीचे तिकीट लागत नाही. मात्र चारही अंगे घरातील प्रत्येक माणसाच्या वाट्यास आली पाहिजेत. एकाची विश्रांती दुसऱ्याच्या श्रमावर उभी राहिली, तर तिला सुटी हे नाव शोभत नाही.

जाता जाता मंडळास एक नम्र विनंती. ज्या घरी आजारी वा वृद्ध माणूस आहे, त्या घराला पैशापेक्षाही दोन दिवस विश्वासाने बसणाऱ्या माणसाची उणीव भासते. आमच्या भगिनी आल्या नसत्या, तर आमचे सारे ठराव कागदावरच राहिले असते. आपण शिष्यवृत्त्या देतो, गुणवंतांचा सत्कार करतो. त्याच आत्मीयतेने, अशा घरी वर्षातून दोन दिवस बसण्यास तयार असलेल्या सभासदांची यादी मंडळाने ठेवावी. तीत पहिले नाव आमचे आणि आमच्या सौभाग्यवतींचे लिहावे. त्यांना विचारूनच हे सांगत आहोत. ज्ञातिबंधुत्व म्हणजे याहून निराळे काय असते?

आमच्या भाषणापासून आता आपणांस सुटी मिळो, अशी इच्छा करून आम्ही आपली रजा घेतो.