नापास झालेला मुलगा

तंजावर जिल्ह्यात कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या दरम्यान कुंभकोणम हे गाव वसले आहे. महाराष्ट्रापासून ते दूर असले, तरी मराठी माणसाला अगदीच परके नाही. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात स्थापिलेली तंजावरची गादी 1855 पर्यंत टिकली, आणि त्या काळात तिकडे गेलेली अनेक मराठी घराणी कायमची तिथलीच होऊन राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव 1828 साली जन्मले ते कुंभकोणममध्येच. गाव देवळांचे, तसेच विद्येचे. तेथील सरकारी महाविद्यालयाला लोक कौतुकाने दक्षिणेचे केंब्रिज म्हणत.

या महाविद्यालयात 1904 साली एक मुलगा शिष्यवृत्ती मिळवून दाखल झाला. त्याचे वडील कापडाच्या पेढीवर कारकून होते. महिन्याचा पगार सुमारे 20 रुपये, आणि महाविद्यालयाची एका सत्राची फी 32 रुपये. तेव्हा शिष्यवृत्ती हा मुलाचा केवळ मान नव्हता, तर ती त्याच्या शिक्षणाचा आधारच होती. शाळेत त्याने गणिताचे पारितोषिक पटकावले होते. पण महाविद्यालयात गणितावाचून त्याला दुसरे काही सुचेना. इंग्रजीत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. आईने प्राचार्यांना गाठून विनवणी केली, पण नियम तो नियम. 1905 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 17 व्या वर्षी, तो मुलगा घरी काही न सांगता निघून गेला आणि आगगाडीने थेट विशाखापट्टणमकडे गेला. घरच्यांनी शोधाशोध केली, वर्तमानपत्रातून विचारणा केली. अखेर तो परत आला. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात त्याने पुन्हा प्रयत्न केला. तेथेही गणित सोडून बाकीच्या विषयांनी त्याला दगा दिला, आणि पदवीचा मार्ग कायमचा बंद झाला.

हा मुलगा म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांची पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. 1913 च्या जानेवारीत मद्रास बंदरातील एका कारकुनाने केंब्रिजच्या प्राध्यापक हार्डींना पत्र लिहिले, आणि 1918 साली तो कारकून रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. ही कथा आपल्याकडे बहुधा बुद्धिमत्तेच्या विजयाची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु 1905 मधील त्या काही आठवड्यांकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही. घर सोडणाऱ्या त्या मुलाला पुढचा मानसन्मान ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होते ते एवढेच, की आपण नापास झालो आहोत, घरावर भार झालो आहोत, आणि यातून बाहेर पडण्याची वाट दिसत नाही.

रामानुजन यांना कोणता मानसिक विकार होता काय, याचा निर्णय आज शंभर वर्षांनंतर करणे उचित नव्हे. मात्र एक गोष्ट नोंदलेली आहे. 1918 साली, आजारपणात आणि परदेशातील एकटेपणात, त्यांनी लंडनमध्ये आपला जीव संपविण्याचा प्रयत्न केला होता. त्यातून ते वाचले. बुद्धिमत्ता हे निराशेविरुद्धचे चिलखत नव्हे, हे यावरून ध्यानात घ्यावे. हुशार मुलाला काय होणार आहे, असे म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहत नाही, त्यांच्यापैकीच एखादा आतून खचत असतो.

कुमारवयातील मनाचे प्रश्न हे वयाबरोबर आपोआप निवळतात, अशी समजूत अजून प्रबळ आहे. संशोधन मात्र निराळे सांगते. जगभरातील 192 अभ्यासांतून सुमारे 7 लाख रुग्णांची माहिती एकत्र करून 2021 साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यानुसार मानसिक विकारांपैकी सुमारे एकतृतीयांश विकारांचा आरंभ वयाच्या 14 वर्षांपूर्वी, आणि जवळजवळ निम्म्यांचा 18 वर्षांपूर्वी होतो. आरंभ सर्वाधिक आढळतो तो साडेचौदाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे मूल नववी-दहावीत असते तेव्हा. ज्या वर्षी घरातील सर्वांचे लक्ष मुलाच्या गुणांवर असते, नेमके त्याच वर्षी त्याच्या मनाकडे लक्ष असण्याची गरज असते.

या दुर्लक्षाची किंमत लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 साली भारतात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची, 1,764, आणि त्याखालोखाल तमिळनाडूची होती. अशा घटनेमागे एकच कारण कधीही नसते, आणि प्रत्येक वेळी परीक्षाच दोषी असते असेही नाही. तरीपण जेथे परीक्षेतील अपयश हा शेवटचा आघात ठरतो, तेथे तो आघात सौम्य करणे माणसाच्या हाती आहे.

याचे उदाहरण तमिळनाडूनेच घालून दिले. एकदोन विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना वर्षभर ताटकळत न ठेवता निकालानंतर थोड्याच अवधीत पुरवणी परीक्षेस बसता यावे, आणि त्यांचे वर्ष वाया जाऊ नये, अशी व्यवस्था त्या राज्याने केली. चेन्नईची ‘स्नेहा’ ही आत्महत्या-प्रतिबंधाचे कार्य करणारी संस्था 1986 पासून उभी आहे, आणि या सुधारणेमागे तिचाही आग्रह होता. महाराष्ट्रात दहावीसाठी अशी जुलैची परीक्षा 2015 पासून सुरू झाली. वरवर पाहता हा केवळ वेळापत्रकातील बदल आहे. परंतु निराश मुलाला भविष्यकाळ दिसेनासा झालेला असतो. त्याच्यासमोर पुढच्या महिन्यातील एक तारीख ठेवणे, म्हणजे भविष्यकाळाचा एक तुकडा त्याच्या हातात देणेच होय. 1905 साली कुंभकोणममध्ये अशी तारीख कोणी देऊ शकले नाही.

दुसरी गरज आहे ती ऐकून घेणाऱ्या माणसाची. गोव्यात 1996 साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सुमारे 75 सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. काही शाळांत ‘सेहेर मित्र’ या नावाने खास प्रशिक्षण दिलेली साधी, पदवीने मानसतज्ज्ञ नसलेली माणसे नेमली. काही शाळांत तेच काम तेथील शिक्षकांकडे सोपविले, तर उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. मुलांनी मनातले लिहून टाकण्यासाठी एक पेटी, एक भित्तिपत्रक, आणि ज्याला हवे त्याच्याशी एकान्तात बोलणे, असे त्या मित्राचे काम होते. 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई कमी झाली आणि मुलांतील उदासीनतेची लक्षणेही घटली. शिक्षकांनी हेच काम केले तेथे मात्र असा लाभ दिसला नाही. यात शिक्षकांना उणेपणा नाही. जो गुण देतो, त्याच्याच जवळ आपली दुर्बलता उघड करणे मुलाला जड जाते, एवढाच अर्थ त्यातून काढता येईल.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक आदेशांत, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असे म्हटले आहे. 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा 14416 या दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तिच्यावर मराठीतूनही बोलता येते. पण नियम आणि क्रमांक घरातील माणसाची जागा घेऊ शकत नाहीत. झोप उडणे, जेवणावरून मन उठणे, आवडीचा खेळ सुटणे, मित्र टाळणे, आपण नसलो तरी चालेल असे काही बोलून जाणे, अशा गोष्टी दोन आठवडे टिकल्या तर त्यांना हट्ट किंवा आळस म्हणू नये. जीव नकोसा वाटतो का, असे मुलाला शांतपणे विचारण्यास अनेक आईवडील भितात. असे विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. बहुधा विचारल्याने मुलाचा भारच हलका होतो.

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर रामानुजन यांचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. तेथे जाणारा माणूस एका थोर गणितज्ञाचे घर पाहतो. ते आणखी एका कारणासाठी पाहावे. त्या घरातून एक नापास झालेला मुलगा निघून गेला होता. घरच्यांनी त्याचा शोध घेतला, आणि तो परतला तेव्हा त्याला घराचे दार उघडे होते. त्याची प्रतिभा जगाला पुढे कितीतरी वर्षांनी कळली. आईवडिलांनी मात्र त्यासाठी थांबायचे ठरविले नव्हते. तो त्यांचा मुलगा होता, आणि परत आणण्यासाठी तेवढे कारण पुरेसे होते.