आपली पोरं संध्याकाळी कुठं असतात?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण. छापण्यासाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत आणि पोरं मागं उभी आहेत. मागं उभं राहिलं की भाषण लांबल्यावर निसटायला बरं पडतं, हे आम्हालाही माहीत आहे. हरकत नाही, तिथूनच ऐका.

समितीनं आम्हाला विषय दिला आहे, 'तालुक्यातील युवकांसाठी उपक्रम'. या विषयावर बोलायला उभा राहणारा माणूस बहुधा तरुणांना नावं ठेवतो आणि खाली बसतो. मोबाईल वाईट, टपरी वाईट, गाडी फिरवणं वाईट. आम्ही आज ते करणार नाही. आमचा प्रश्न पुढं बसलेल्या मोठ्या माणसांना आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात एखाद्या मुलानं, आणि मुख्य म्हणजे एखाद्या मुलीनं, जायचं कुठं?

आपला मुलूख करमणुकीसाठी प्रसिद्ध आहे बरं का! माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून नेरळहून वर जाते आहे. शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी रस्ता भरतो. फार्महाऊस आहेत, रिसॉर्ट आहेत, खालापूर तालुक्यात २०१३ पासून मोठं थीम पार्क उभं आहे. पाहुण्यांची सगळी सोय आहे. त्यात आपली पोरं कुठं दिसतात? गाड्या लावताना, खोल्या झाडताना, ट्रे उचलताना. त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही, त्यावर घरं चालतात. पण आपल्याच डोंगरात आपल्या पोरांसाठी एक मोकळी जागा राहिली नाही, गावकीची मैदानं बघता बघता कंपाउंडच्या आत गेली, ही गोष्ट बोलायला तर पाहिजे.

मग पावसाळ्यात पोरं जातात धबधब्यावर आणि धरणावर. आषाणे, सोलनपाडा, पळसदरी, खोपोलीचा झेनिथ धबधबा ही नावं तुम्ही दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचता, आणि ती बातमी चांगली नसते. मनाई आदेश निघतात, पोलीस उभे राहतात. आदेश बरोबरच आहे. पण 'तिकडं जाऊ नकोस' एवढंच सांगितलं आणि 'मग कुठं जाऊ' याला उत्तर दिलं नाही, तर पोरगं तिकडंच जाणार. आईच्या जिवाला घोर लागतो तो चार महिने लागतो.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे काही नाहीच, शहरात क्लब असतात, स्टेडियम असतं. आम्हाला हे पटत नाही. आपल्याकडे काय आहे ते आधी बघू या.

दोन जानेवारीची पहाट घ्या. नेरळ, माथेरान, कर्जत, मुरबाड इकडची कितीतरी माणसं थंडीत सिद्धगडाला जातात. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे तिथं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे माथेरानच्या नाभिक कुटुंबातले, जन्म १ डिसेंबर १९१२. कायद्याची पदवी घेतली होती, वकिली करून सुखात राहता आलं असतं. त्यांनी काय केलं? माथेरानच्या नगरपालिकेत काम केलं, खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, सावकाराच्या दाढेतून शेतकरी सुटावा म्हणून धान्याची कोठी काढली. आणि १९४२ साली आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले, म्हणजे मुंबईकडे जाणारी वीज तुटावी. गेले तेव्हा वय तीस. आमचं म्हणणं एवढंच आहे की मनोऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात, शाळा आणि धान्यकोठीची गोष्ट कमी सांगतात. आज कोणाला मनोरे पाडायचे नाहीत. शाळा आणि कोठीचं काम मात्र अजून शिल्लक आहे.

दोन फेब्रुवारीला खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंडीत कार्यक्रम असतो. १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची मोठी फौज त्या जंगलातल्या अरुंद वाटेत कोंडली आणि शरण यायला लावली. जागा बघितली की लढाई समजते, पुस्तक वाचून ती समजत नाही. पोरांना एकदा घेऊन जा.

आणि वीस मार्चला आपण महाडला जातो. बसमध्ये बसतो, गाणी म्हणतो, तळ्यावर जातो, परत येतो. आमच्या तरुण मित्रांना एक विचारायचं आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला जी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, ती भरवण्यासाठी गावोगाव पायपीट करणाऱ्यांत पुढं कोण होतं? महाडकडचेच रामचंद्र बाबाजी मोरे. त्यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे तेव्हा वय चोवीस. बाबासाहेबांना महाडला आणायचं हे मनात धरून हा तरुण कामाला लागला होता. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, त्या वेळच्या कुलाब्यातला, सर्वांत मोठा कार्यक्रम उभा करण्यात तुमच्याच वयाचा एक पोरगा होता. त्याला कोणी उपक्रम राबवून दिला नव्हता.

आता आमच्या आवडीच्या विषयाकडे येतो, थोडा वेळ लागला तर सांभाळून घ्या. तो विषय म्हणजे कोंडाणे लेणी.

कर्जतहून कोंडिवड्यापर्यंत रिक्षा मिळते, तिथून पुढं पायवाट. राजमाचीला जाणारे ट्रेकवाले तीच वाट धरतात. तासाभराच्या चढानंतर कातळात एक चैत्यगृह आणि त्याच्या शेजारी भिक्खूंचे विहार दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं काम आहे, बुद्धाची मूर्ती कोरण्याची पद्धत येण्याआधीचं, त्यामुळे आत स्तूप आहे, मूर्ती नाही. पिंपळपानासारखी मोठी कमान आहे. लाकडी घराची वासे-तुळया असतात तशी रचना दगडात कोरली आहे. खालचे बरेच खांब तुटले, स्तूपाचीही पडझड झाली, पण वर मान करून बघितलं की काम करणाऱ्याचा हात कळतो. बोरघाटातून कोकण किनाऱ्याचा माल देशावर जायचा त्या वाटेवर ही लेणी आहेत. वर घाटमाथ्यावर कार्ले, खाली आपलं कोंडाणे. कार्ल्याला सगळे जातात. कोंडाण्याला आपल्या वस्तीतले किती जण गेले आहेत? हात वर करा. (हात थोडेच वर झाले.)

चैत्याच्या दर्शनी भागावर एका मूर्तीचा भाग शिल्लक आहे. चेहरा गेलेला आहे, डोक्यावरचं पागोट्यासारखं वेष्टण तेवढं ओळखू येतं. तिच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा की कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. एवढीच ओळ. राजाचं नाव नाही, सालही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी एक बलक नावाचा माणूस आपल्या गुरूच्या हाताखाली राहिला, शिकला, आणि काम केल्यावर आधी गुरूचं नाव आणि मग आपलं नाव लिहून गेला. आणि आतल्या भिंतींवर खडूनं आणि दगडानं बदाम काढून नावं खरडलेली आहेत, ती आपल्याच काळातल्या लोकांची. कोणत्या वस्तीतली पोरं होती ते आम्ही विचारत नाही. बलकाचं नाव तेवढं वाचून या.

ही लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथं आपण काही बांधायचं नाही, रंगवायचं नाही, खिळाही ठोकायचा नाही. दिवाळीनंतर एका रविवारी जायचं, वाटेवरच्या बाटल्या-पिशव्या गोळा करून खाली आणायच्या, मुलांना ब्राह्मीची चार अक्षरं ओळखायला शिकवायची. पावसात जायचं नाही. तिथं वरून धबधबा पडतो आणि वाट निसरडी असते, फोटो कितीही छान येत असले तरी.

आता जरा जड गोष्ट. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरची ठाकर बांधवांची इरशाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, २३ जुलैला शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं वर चढत नव्हती, फावड्या-कुदळीनं माती काढावी लागली. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या डोंगर चढणाऱ्या मंडळांची आणि आसपासच्या गावांची पोरं पावसात चिखल तुडवत वर गेली. त्या वेळच्या बातम्यांत आणखी एक आलं होतं. वाडीतली काही पोरं रात्री शाळेच्या खोलीत मोबाईलवर खेळत बसली होती, म्हणून ती वाचली आणि त्यांनीच खाली कळवलं. म्हणजे ज्या गोष्टीला आपण नावं ठेवतो त्याच गोष्टीनं ती पोरं वाचली. आणि बसायला शाळेची एक खोली उघडी होती, हेही त्यात आहे.

त्या रात्री किती जणांना दोरी बांधता येत होती, किती जणांना जखमीला उचलता येत होतं? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' नावाची योजना आहे, त्यात १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देतात. तहसील कार्यालयात जाऊन चौकशी करायला दोन पोरं आणि एक अर्ज पुरतो. डोंगर आपल्या डोक्यावर आहे. हे आपल्याला यायला पाहिजे.

आता घरातलं बोलतो, कोणी राग मानू नये. आपला विहार वर्षातून किती दिवस उघडा असतो? १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी, आणि वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी ग्रंथवाचनाला. बाकी कुलूप. किल्ली ज्या काकांकडे आहे त्यांचा दोष नाही. ते कामावर जातात, पहाटेची लोकल पकडतात, रात्री परत येतात.

आमची मागणी साधी आहे. किल्ल्या तीन करा. एक समितीकडे, एक महिला मंडळाकडे, एक तरुणांकडे. संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका. ज्या घरात एकच खोली आहे आणि टीव्ही चालू आहे तिथं दहावीची मुलगी अभ्यास कुठं करणार? तिला इथं बसू द्या, आणि एक मावशी किंवा आजी दारात बसू द्या, म्हणजे घरचे पाठवतील. हे अगदी स्पष्ट बोलतो, कारण मुलींना पाठवायचं म्हटलं की अडतं ते इथंच.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे हमरस्त्यावर धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी परीक्षा ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. बहुतेकांची मेहनत पन्नासावर होते आणि शंभर राहून जातात. लेखीचा अभ्यास इथं अभ्यासिकेत, आणि धावायला शाळेचं मैदान पहाटे उघडून द्यावं म्हणून समितीनं पत्र द्यावं. रस्त्यावर डंपर चालतात हो!

जूनमध्ये एक आठवडा अर्ज भरण्याचा ठेवा. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, आणि २०१६-१७ पासून सुरू झालेली बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना, जिच्यात वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात. केंद्राच्या सवलती नवबौद्धांना १९९० साली लागू झाल्या, त्यासाठी आधीच्या पिढीनं मोर्चे काढले. अर्जाची तारीख निघून गेली म्हणून पोराचं वर्ष जावं, हे बरं दिसत नाही.

आणि कबड्डी. रायगडात कबड्डीबद्दल आम्ही काय सांगणार! मुलांचे रात्रीचे सामने होतातच. मुलींच्या मैदानाला १२ मीटर बाय ८ मीटर जागा लागते. विहारामागची जागा आम्ही काल पावलांनी मोजली, दगड उचलले तर बसते. माती, फक्की आणि एक शिट्टी, खर्च एवढाच. जयंतीच्या डीजेला एका रात्रीत आपण काय देतो आणि त्यात फक्की किती पोती येते, हा हिशेब खजिनदारांनी खासगीत करावा.

एक गोष्ट राहिली. खेळायला आणि अभ्यासाला शेजारच्या वाडीवरच्या कातकरी-ठाकर मुलांनाही बोलवायचं. दिवाळी झाली की त्यांच्यातली कितीतरी घरं वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात, पाऊस तोंडावर आला की परत येतात, मधल्या काळात शाळा सुटते. पावसाळ्यात तरी ती मुलं गावात असतात. तेवढे महिने त्यांना आपल्या मुलांशेजारी बसवा. दारात चप्पल कोणाची आहे हे आपण तरी विचारायचं नाही.

वेळ झाला, ताई मघापासून घड्याळ दाखवत आहेत आणि आत खिरीचा वास सुटला आहे. कोंडाण्याला जाण्यासाठी नावनोंदणीची वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं पान मुलींसाठी मोकळं ठेवलं आहे. अठराच्या आतल्यांनी घरच्यांची सही आणायची. भाकरी आपापली, पाण्याची बाटली आपापली, कचऱ्यासाठी एक रिकामी गोणी. पेन दोरीनं बांधलेलं आहे, ते कोणी घरी नेऊ नये.

जयभीम. नमो बुद्धाय.